पीकरक्षणाच्या रायफलीचा नेम : भोकाचा की दुर्बिणीचा?

वैजापूर तालुक्याचा दक्षिण भाग गोदावरीच्या काठाने सपाट पसरलेला आहे. उत्तरेकडे कन्नड व नांदगावच्या बाजूस जमीन चढत जाते आणि माळरान व टेकड्या लागतात. नांदूर-मधमेश्वर जलद कालव्याचे पाणी आल्यापासून पूर्वीच्या बाजरी-कपाशीच्या शिवारात मका, कांदा, गहू व ऊस ही पिके वाढली. माणसाने पाण्याच्या आधारे जे हिरवे केले ते जनावरांच्याही सोयीचे झाले. माळावरील काळविटांचे कळप कोवळ्या हरभऱ्यावर उतरतात, रोही तुरीचे शेंडे खुडतात, आणि रानडुक्कर एका रात्रीत मक्याचे अर्धे वावर आडवे करून जाते. पश्चिमेस लागून असलेल्या येवला तालुक्यात ममदापूर येथे काळविटांसाठी राखीव क्षेत्र आहे. कळपांना अर्थातच तालुक्याची हद्द ठाऊक नसते.

ज्या थोड्या शेतकऱ्यांपाशी परवान्याची रायफल आहे, ते हंगामाच्या तोंडावर एक प्रश्न हटकून विचारतात. रायफलीवर कारखान्याने बसविलेला उघडा नेम आता डोळ्यांना नीट दिसत नाही. त्याऐवजी भोकाचा नेम बसवावा की दुर्बीण घ्यावी? दुकानदार दुर्बिणीची शिफारस करतो, कारण ती महाग असते. गावातील निवृत्त फौजी भोकाच्या नेमाची शिफारस करतो, कारण त्याच्या हातातून गेलेल्या ७.६२ च्या एस.एल.आर. किंवा इन्सास रायफलीवर तोच नेम होता. दोघांचेही म्हणणे खोटे नाही. परंतु शेताच्या राखणीचे काम हे दुकानातील काम नव्हे आणि चांदमारीचेही नव्हे. म्हणून या प्रश्नाचा विचार वावर, अंतर, वेळ आणि जनावर या चार गोष्टी समोर ठेवून केला पाहिजे.

आधी कागद, मग नेम

नेमाची चर्चा करण्यापूर्वी एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. शस्त्राचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. शस्त्राचा परवाना १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली मिळतो. जनावराविषयीची परवानगी १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली मुख्य वन्यजीव रक्षक अथवा त्यांनी अधिकार दिलेला वन अधिकारी लेखी देतो. उभ्या पिकास धोकादायक झालेल्या रानडुक्कर व रोही यांच्याबाबत अशी परवानगी मिळू शकते, आणि ती स्थानिक पातळीवर मिळावी अशी व्यवस्था शासनाने २०१५ मध्ये केली. अर्ज आपल्या वनपरिक्षेत्राच्या कार्यालयात करावा. परवानगीत जनावर, जागा, मुदत व अटी जशा लिहिल्या असतील तेवढ्याच मर्यादेत ती चालते. मारलेले जनावर शासनाच्या मालकीचे असते. त्याचे मांस वाटून घेणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो.

काळविटाची गोष्ट निराळी आहे. ते अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने पिकाचे नुकसान हे कारण दाखवून त्यास मारण्याची परवानगी मिळतच नाही. अशा गुन्ह्यास तीन ते सात वर्षांच्या कैदेची शिक्षा आहे. कायद्याच्या दृष्टीने शिकार या शब्दात जखमी करणे आणि मारण्याचा प्रयत्न करणे हेही येते. तेव्हा ‘गोळी चुकली’ ही सबब उपयोगी पडत नाही. ज्या तालुक्यात एकाच हरभऱ्यात सायंकाळी काळवीट आणि रात्री डुक्कर येते, तेथे समोर कोणते जनावर उभे आहे हे ओळखण्यावर सर्व काही अवलंबून राहते. नेमाची निवडसुद्धा याच कसोटीवर करावयाची आहे.

हा प्रश्न कोणत्या शस्त्रास लागू आहे?

पीकरक्षणाचे बहुतेक परवाने ठासणीच्या बंदुकीचे किंवा बारा बोअरच्या बंदुकीचे असतात. या बंदुकांची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यात गोळीस फिरकी देणारे आटे नसतात. छऱ्यांचा मारा तीस-चाळीस पावलांपुरताच विश्वासाचा असतो, आणि त्यासाठी नळीच्या टोकावरील माशी पुरेशी आहे. अशा बंदुकीवर दुर्बीण चढविणे हा शुद्ध अपव्यय होय. ज्यांच्याकडे अशी बंदूक आहे त्यांनी पुढील मजकुरातील जनावर ओळखण्याचा व गोळीनंतरच्या दक्षतेचा भाग तेवढा वाचावा.

प्रश्न उरतो तो आट्यांच्या नळीच्या रायफलीचा, म्हणजे मुख्यतः सरकारी कारखान्यात तयार झालेल्या ३१५ बोअरच्या रायफलीचा. तिच्या गोळीस जोर मोठा असतो आणि चुकलेली गोळी सपाट जमिनीवरून दोन-तीन किलोमीटर सहज जाऊ शकते. गोदाकाठच्या शिवारात दोन-तीन किलोमीटर म्हणजे एक वस्ती, एक गाव आणि कदाचित शाळा. म्हणून रायफल नेहमी माळ्यावरून, नळीचे तोंड खाली राहील आणि गोळी जमिनीतच शिरेल अशा रीतीने चालवावी. जनावराच्या मागे माती दिसत नसेल तर चापाला बोट लावू नये. हे कोणत्याही नेमाने बदलत नाही.

उघड्या नेमात काय अडचण आहे?

उघड्या नेमात तीन वस्तू एका रेषेत आणाव्या लागतात : मागील खाच, पुढील माशी आणि लक्ष्य. खाच डोळ्यापासून दीड-दोन वितींवर, माशी हातभर पुढे आणि जनावर पन्नास मीटरवर. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावरील वस्तू स्पष्ट पाहतो. तरुण डोळा या तिन्ही अंतरांवरून इतक्या झपाट्याने फिरतो की ही अडचण जाणवत नाही. चाळिशी उलटली की डोळ्याच्या भिंगाची लवचीकता कमी होते. खाच अंधूक दिसू लागते, मग माशीही अंधूक होते. ‘बंदूक बिघडली’ अशी तक्रार पन्नाशीचा शेतकरी करतो तेव्हा बहुधा बंदूक ठीक असते.

या अडचणीचा परिणाम किती होतो हे साध्या त्रैराशिकाने समजते. खाच व माशी यांच्यामधील अंतर पन्नास सेंटिमीटर आहे असे धरू. माशी खाचेत एक मिलिमीटर बाजूला राहिली, तर पन्नास मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर बाजूला जाते. डुकराच्या खांद्यामागील मर्माची जागा सुमारे वीतभर असते. मध्यावर धरलेला नेम दहा सेंटिमीटर सरकला म्हणजे गोळी त्या जागेच्या कडेला किंवा बाहेर पोटात जाते. पोटात गोळी लागलेले डुक्कर पडत नाही. ते पिकात शिरते.

भोकाचा नेम

भोकाच्या नेमात मागील खाच काढून तिच्या जागी, परंतु डोळ्याच्या बरेच जवळ, एक छिद्र असलेली चकती बसवितात. नेम धरणारा त्या छिद्रातून पाहतो आणि माशी लक्ष्यावर ठेवतो. छिद्र मध्यावर आणण्याची निराळी खटपट करावी लागत नाही, कारण छिद्राच्या मध्यभागी उजेड अधिक असतो व डोळा आपोआप तिकडे वळतो. छिद्राची कड पुसट दिसणे हे स्वाभाविक आहे. ती स्पष्ट पाहण्याचा प्रयत्न करू नये. लक्ष माशीवर ठेवावे. तीन वस्तूंचे काम अशा रीतीने दोन वस्तूंवर येते.

दुसरा लाभ छिद्राच्या अंगच्या गुणाचा आहे, आणि तो गावपातळीवरील कार्यकर्त्यास चावडीवर दाखवून देता येईल. एका जाड पोस्टकार्डास सुईने बारीक भोक पाडावे. चष्म्यावाचून ज्यास वर्तमानपत्र वाचता येत नाही अशा वृद्ध गृहस्थास ते डोळ्याशी धरून उन्हात वाचावयास सांगावे. अक्षरे उमटलेली पाहून गृहस्थ चकित होतात. बारीक छिद्रातून येणारे किरण थोडे व सरळ असल्याने जवळचे व दूरचे दोन्ही एकाच वेळी बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. हाच प्रयोग दिवेलागणीला पुन्हा करावा. आता त्याच भोकातून काहीच वाचता येत नाही. भोकाच्या नेमाचा गुण आणि दोष हे दोन्ही या एका पोस्टकार्डात सामावलेले आहेत.

तिसरा लाभ अंतराचा. मागील चकती डोळ्याजवळ आल्याने ती आणि माशी यांच्यामधील अंतर वाढते. मघाच्या हिशोबात पन्नासऐवजी पंचाहत्तर सेंटिमीटर अंतर धरले, तर तीच एक मिलिमीटरची चूक पन्नास मीटरवर दहाऐवजी साडेसहा-सात सेंटिमीटर होते.

भोकाच्या नेमाने किती बिनचूक मारा होऊ शकतो हे पाहावयाचे असेल तर कोल्हापूर जिल्ह्याकडे पाहावे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे पन्नास मीटर प्रोन रायफल प्रकारात जागतिक विजेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफलीच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. या स्पर्धांमध्ये दुर्बिणीचा नेम चालत नाही. सर्व नेमबाज भोकाचाच नेम वापरतात. पन्नास मीटरवरील त्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम एक सेंटिमीटर व्यासाचे असते.

परंतु हे उदाहरण देऊन दुर्बिणीची गरजच नाही असे सांगणारे अर्धी गोष्ट सांगतात. स्पर्धेतील लक्ष्य गोल, काळे व पांढऱ्या कागदावर असते. उजेड भरपूर असतो, अंतर ठरलेले असते आणि लक्ष्य पळत नाही. मुख्य म्हणजे ते लक्ष्य काळवीट आहे की डुक्कर, असा प्रश्न नेमबाजापुढे कधीच येत नाही.

शेतासाठी भोकाचा नेम घेताना स्पर्धेचे बारीक छिद्र घेऊ नये. एक-दीड मिलिमीटरचे छिद्र मावळतीनंतर निरुपयोगी होते. चार-पाच मिलिमीटरचे मोठे छिद्र व पातळ कड असलेली चकती घ्यावी. त्यात वर सांगितलेला बारीक छिद्राचा गुण पुष्कळसा कमी होतो हे खरे. परंतु डोळा मध्यावर येण्याचा व अंतर वाढण्याचा लाभ टिकतो, आणि संधिप्रकाशात माशी दिसत राहते. माशीच्या डोळ्याकडील बाजूस पांढऱ्या रंगाचा ठिपका दिल्यास आणखी सोय होते. चकती डोळ्याच्या इतकी जवळही नसावी की दस्त्याच्या धक्क्याने ती भुवईवर आदळेल.

दुर्बिणीचा नेम

दुर्बिणीत खाच नाही व माशीही नाही. लक्ष्य आणि नेमाची फुली ही दोन्ही एकाच प्रतलात, एकाच स्पष्टतेने दिसतात. चाळिशी उलटलेल्या डोळ्यास याहून सोयीचे दुसरे साधन नाही. डोळ्याकडील भिंगाचे कडे फिरवून फुली एकदा स्वच्छ करून घेतली की काम होते. हे करताना दुर्बीण कोऱ्या आकाशाकडे धरावी, सूर्याकडे कधीही नाही.

दुर्बीण घेणारा बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती पटीची?’ हा. खरा प्रश्न उजेडाचा आहे. दुर्बिणीच्या पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्यास पटीने भागले म्हणजे डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. चार पट व बत्तीस मिलिमीटर भिंग असेल तर ती आठ मिलिमीटर येते. तेच भिंग ठेवून नऊ पट केली तर साडेतीन मिलिमीटर. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे सात मिलिमीटरपर्यंत उघडते आणि वयाबरोबर हे प्रमाण कमी होत जाते. म्हणजे चार पटीची दुर्बीण संधिप्रकाशातील जेवढा उजेड डोळा घेऊ शकेल तेवढा पुरविते. नऊ पटीची तोच देखावा मोठा पण काळवंडलेला दाखविते. नऊ पटीसाठी अधिक पैसे मोजून कमी पाहणे यात शहाणपण नाही.

दुसरी गोष्ट देखाव्याच्या रुंदीची. चार पटीच्या दुर्बिणीतून शंभर मीटरवर सुमारे नऊ-दहा मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, वीस मीटरवर जेमतेम दोन मीटर. डुकरांचा कळप मक्यातून पंधरा पावलांवर बाहेर पडला तर दुर्बिणीत नुसते केस दिसतात. डोके कोणते व पाठ कोणती हे कळत नाही. आता अंतराचा विचार करा. चौरस आकाराच्या एका एकराची बाजू सुमारे चौसष्ट मीटर भरते. माळा बांधाच्या मध्यावर असेल तर दोन-तीन एकरांच्या वावरातले जनावर बहुधा साठ-सत्तर मीटरच्या आतच असते. या अंतरासाठी दीड ते चार पट एवढी शक्ती पुरेशी आहे. बदलत्या पटीची दुर्बीण असल्यास ती सर्वांत कमी पटीवर ठेवूनच माळ्यावर चढावे.

तिसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही आणि म्हणून ती येथे विस्ताराने सांगणे योग्य होईल. दुर्बीण नळीच्या वर सुमारे चार सेंटिमीटर बसते. डोळा दुर्बिणीतून पाहतो, गोळी नळीतून जाते. त्यामुळे बांधावर रायफल टेकवून नेम धरला असता दुर्बिणीस समोरचे सर्व मोकळे दिसते, पण नळीच्या तोंडापुढे बांधाचा दगड किंवा माळ्याचा बांबू आडवा असू शकतो. गोळी त्यावर आपटून भलतीकडे उडते. उघड्या किंवा भोकाच्या नेमात नजर नळीला बरीच लागून जात असल्याने असा अडथळा बहुधा दिसून येतो. दुर्बीण वापरणाराने प्रत्येक वेळी दुर्बिणीवरून डोळा काढून नळीपुढील हातभर जागा मोकळी असल्याची खात्री करून घ्यावी.

याशिवाय दुर्बिणीचे किरकोळ जाच पुष्कळ आहेत. माघ-पौषात पहाटे भिंगावर दव धरते, आणि उच्छ्वासाची वाफ बसली की सर्व पांढरे दिसते. मोटारसायकलवरून खडबडीत रस्त्याने नेलेल्या रायफलीच्या दुर्बिणीची बैठक ढिली होते, आणि नेम चुकू लागला तरी फुली तशीच सुंदर दिसत राहते. त्यामुळे दोष ध्यानात येत नाही. डोळा भिंगापासून आठ-नऊ सेंटिमीटर दूर न ठेवल्यास ३१५ बोअरचा धक्का भुवई फोडतो. जुन्या रायफलींच्या माथ्यावर दुर्बिणीच्या बैठकीसाठी भोके नसतात, आणि पुष्कळदा बोल्टचा दांडा उचलताना दुर्बिणीस अडतो. ही दुरुस्ती परवानाधारक शस्त्र-कारागिराकडूनच करून घ्यावी. गावच्या लेथवर कदापि नाही.

लाल ठिपक्याचा नेमही अलीकडे मिळतो. त्यात पट नसते. काचेवर दिसणारा ठिपका लक्ष्यावर ठेवावयाचा असतो. जवळच्या अंतरास तो चांगला आहे, परंतु सेल संपला की ठिपकाही संपतो. तो घेतल्यास मूळ माशी व खाच काढून टाकू नये.

ओळख रायफलीने नव्हे

दुर्बिणीच्या बाजूने एक मुद्दा हमखास मांडला जातो : तिच्यातून जनावर ओळखता येते. हा मुद्दा खरा आहे आणि तितकाच घातक आहे. रायफलीच्या दुर्बिणीतून काही पाहणे म्हणजे भरलेली नळी त्याच्याकडे रोखणे होय. मक्याच्या कडेला हललेले ते काय आहे, हे पाहण्यासाठी रायफल उचलली आणि ते रात्री पाणी धरावयास आलेला शेजारी निघाले, तर पुढे काय होऊ शकते हे सांगावयास नको. कालव्याच्या पाळीत आणि विजेच्या रात्रीच्या पाळीत शिवारात माणसे असतातच. जनावर ओळखण्यासाठी हातात धरावयाची साधी दुर्बीण निराळी ठेवावी. रायफलीच्या महागड्या दुर्बिणीपेक्षा बऱ्याच कमी किमतीत ती मिळते, आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर तीच घ्यावी.

ओळखीच्या खुणा रंगावर अवलंबून ठेवू नयेत. संधिप्रकाशात रंग प्रथम जातो. काळविटाची मादी, रोहीची मादी व तिचे पाडस ही तिन्ही फिकट तांबूसच दिसतात. बांध्याकडे पाहावे. रोहीचा खांदा उंच व पाठ मागे उतरती असते, आणि मोठ्या जनावराचा खांदा माणसाच्या छातीइतका येतो. काळवीट शेळीहून थोडे उंच, सडपातळ, मान वर करून उभे राहणारे आणि बिचकताच उड्या मारीत पळणारे असते. रानडुकरास मान जणू नसतेच. डोके खाली, पुढचा भाग जड, व ते चरताना माती उकरीत व गुरगुरत असते.

बॅटरीच्या उजेडात आणखी एक खूण मिळते. काळवीट, रोही, गाय, शेळी, कुत्रा यांच्या डोळ्यांच्या मागे प्रकाश परतविणारा पडदा असल्याने डोळे चमकतात. डुकराच्या डोळ्यात असा पडदा नाही. म्हणून पिकात चमकणारे डोळे दिसले तर ते डुक्कर नव्हे, असेच धरून चालावे आणि डबा वाजवून त्यास हाकलून द्यावे.

मग निवड कोणती?

ज्याची नजर जवळचे व दूरचे दोन्ही चांगले पाहते, ज्याचे वावर दोन-तीन एकरांचे आहे आणि ज्याला रायफल वारंवार मोटारसायकलवरून न्यावी लागते, त्याने मोठ्या छिद्राचा भोकाचा नेम घ्यावा. तो स्वस्त आहे, दवाने आंधळा होत नाही, आणि पंधरा पावलांवरही तितकाच कामाचा आहे. तालुक्यातील बहुतेक रायफलधारकांची स्थिती हीच असल्याने बहुतेकांस हाच नेम पुरेल.

ज्यास माशीच दिसत नाही, त्यास भोकाचा नेम पूर्ण उपयोगी पडणार नाही. अशाने प्रथम डोळे तपासून घ्यावेत; मोतीबिंदू असेल तर खर्च रायफलीवर न करता डोळ्यावर करावा. डोळे निरोगी असून केवळ चाळिशीचा दोष असेल तर चार पटीपर्यंतची, बत्तीस मिलिमीटर भिंगाची साधी दुर्बीण घ्यावी. उसाच्या किंवा मक्याच्या मोठ्या सलग पट्ट्याच्या कडेला, जेथे डुक्कर अगदी दिवेलागणीलाच बाहेर येते, तेथेही तिचा उपयोग होतो. नऊ-बारा पटीच्या दुर्बिणी आणि रात्री पाहण्याची विजेवरील उपकरणे यांच्या मागे लागू नये. कोणतेही जोडसाधन घेण्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत चौकशी करावी.

नेम जुळविणे

नवा नेम बसविला म्हणजे काम संपले असे नाही. नेम जुळविल्याशिवाय रायफल शेतात नेऊ नये, आणि नेम जुळविण्यासाठी शेतात गोळीबार करू नये. अधिकृत चांदमारीच्या जागीच, पूर्वपरवानगीने हे करावे. पन्नास मीटरवर कोरा कागद लावून, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, एकाच जागी नेम धरून तीन गोळ्या झाडाव्यात. एका गोळीवरून काहीच ठरवू नये. तीन छिद्रांचा मध्य जेथे येईल तो पाहून नेम हलवावा. मागील नेम त्याच दिशेस सरकवावा ज्या दिशेस गोळी न्यावयाची आहे. माशी मात्र उलट दिशेस सरकवावी. दुर्बिणीच्या बटणाची एक टिचकी बहुधा शंभर मीटरवर सात मिलिमीटर, म्हणजे पन्नास मीटरवर साडेतीन मिलिमीटर गोळी हलविते. सात सेंटिमीटरची चूक काढावयास वीस टिचक्या लागतात. पुन्हा तीन गोळ्या झाडून खात्री करावी. काडतुसे परवान्यावर मोजकी मिळतात म्हणून हे काम टाळले जाते. पण न जुळविलेल्या रायफलीतून सुटलेले प्रत्येक काडतूस फुकटच जाते, किंवा त्याहून वाईट ठिकाणी जाते. हंगाम संपेपर्यंत त्याच बनावटीची काडतुसे वापरावीत, कारण बनावट बदलली की गोळी पडण्याची जागाही बदलते.

गोळी लागून जनावर पडले नाही तर

नेम कितीही चांगला असला तरी असा प्रसंग येतो. अशा वेळी माळ्यावरून लगेच उतरू नये आणि पिकात शिरू नये. जनावर जेथे उभे होते ती जागा एखाद्या झाडाच्या किंवा खांबाच्या खुणेने ध्यानात ठेवावी, व ते कोणत्या दिशेस गेले ते पाहावे. जखमी रानडूकर दाट कपाशीत किंवा मक्यात दडून बसते आणि जवळ आलेल्यावर चाल करून जाते. दिवाळीच्या सुमारास कपाशीची वेचणी चालू असते. सकाळी उजाडताच बायका ओटी बांधून ओळीत वाकून कापूस वेचू लागतात, आणि त्या उंचीवर डुकराचा सुळा सरळ मांडीस लागतो. म्हणून रात्रीच गावात निरोप द्यावा, त्या वावरातील व शेजारच्या वावरातील वेचणी थांबवावी, आणि वनपरिक्षेत्र कार्यालयास कळवून त्यांची माणसे आल्यानंतरच उजेडी माग काढावा. मजुरांचा त्या दिवसाचा रोज रायफल चालविणाऱ्यानेच द्यावा.